भेटीचा वार कोणी ठरवायचा?

मैत्रिणींनो, नवरा-बायको वेगळे झाले की पहिला प्रश्न पोरांचा. आज कोर्ट भेटीचा वार, वेळ लिहून देतं. हे सहज मिळालेलं नाही बरं का.

१८३६ साली इंग्लंडमध्ये कॅरोलिन नॉर्टन ही लेखिका मारकुट्या नवऱ्यापासून वेगळी झाली. तिन्ही लहान मुलगे त्याने ठेवून घेतले. तिचं नाव पंतप्रधानांशी जोडून खटला भरला. तो हरला, तरी मुलं काही तिला मिळाली नाहीत. कायदाच असा, की मुलं बापाची! कॅरोलिनने पत्रकं छापली, खासदारांना गाठलं. १८३९ मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालचं मूल आईला मागता येईल, त्याहून मोठ्यांना भेटता येईल. मात्र तिच्यावर व्यभिचार सिद्ध झालेला नको. बापाला अशी अट नव्हती. आणि नवऱ्याने मुलं नेली होती स्कॉटलंडला, तिथे हा कायदा लागूच नव्हता. १८४२ मध्ये धाकटा घोड्यावरून पडला, त्यातच गेला. आई पोचली तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर कुठे उरलेली दोघं तिच्याकडे राहायला येऊ लागली.

आपल्याकडे १९५६ च्या हिंदू कायद्याने पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे ठेवलं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, दूर राहणाऱ्या आईला किंवा बापाला मुलाशी फोनवर, व्हिडिओ कॉलवर बोलता आलं पाहिजे. म्हणून अर्जात नुसतं 'भेट मिळावी' लिहू नका. वार कोणता, किती वाजता, कुठे, दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत मूल कोणाकडे, आणायला-सोडायला कोण येणार, सगळं लिहून घ्या.