रौप्यनाणें आणि मूर्तिकार

पोलादपूरच्या बाजूस, सह्याद्रीच्या कुशींत, उमरठ नांवाचें गांव आहे. सुभेदार तानाजी मालुसरे यांचें तें गांव. १६७० च्या फेब्रुवारींत कोंढाणा घेतांना ते धारातीर्थीं पडले आणि त्यांचा देह मढे घाटानें कोंकणांत उतरवून उमरठास आणला, असें परंपरा सांगते. तेथें त्यांची समाधि आहे, पुतळाही आहे. समाधीवर फूल वाहून यात्रेकरू पुतळ्याकडे पाहतो, आणि तानाजी असेच दिसत असले पाहिजेत अशी त्याच्या मनाची खात्री होते. वस्तुतः तानाजींच्या हयातींत काढलेलें त्यांचें चित्र उपलब्ध नाहीं. यात्रेकरू ज्याला वंदन करतो तो चेहरा कोणा मूर्तिकाराच्या ध्यानाचें फळ आहे. वीराचें नांव सर्वांच्या मुखीं असतें. मूर्तिकाराचें नांव विचारण्याचें मात्र क्वचित् कोणास सुचतें.

राष्ट्राची स्मृति जतन करणारीं साधनें मुख्यतः दोन : मूर्ति आणि नाणें. मूर्ति एका जागीं उभी राहते, नाणें घरोघर हिंडतें. परंतु नाण्यावर चेहरा असावा हा कांहीं सर्व देशांचा दंडक नव्हे. उमरठच्याच मुलुखांत, रायगडावर, ६ जून १६७४ रोजीं शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला. महाराजांच्या नांवें सोन्याचे होन आणि तांब्याच्या शिवराया पाडण्यांत आल्या. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’, एवढींच काय तीं अक्षरें. राज्य कोणाचें हें सांगण्यास तेवढीं पुरेशीं होतीं. शिवराई इतकी लोकप्रिय झाली कीं पुढील राज्यकर्त्यांच्या काळींही ती पाडली गेली, व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्राच्या बाजारांत चालत राहिली.

राजाच्या चेहऱ्याचा रुपया हिंदुस्थानांत घरोघर पोहोंचला तो कंपनी सरकारच्या अमदानींत. १८४० सालच्या राणी व्हिक्टोरियाच्या चांदीच्या रुपयावर मानेच्या कडेस ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ अशीं दोन बारीक इंग्रजी अक्षरें आढळतात. हा विल्यम वायन या कोरक्याच्या नांवाचा संक्षेप होय. रुपया मोजणाऱ्या सावकारानें ती खूण पाहिली असेल. पण ती कोणाची, हें जाणण्याचें त्याला प्रयोजन नव्हतें.

मूर्तिकाराचें काम बरें साधलें तर त्याचें नांव कोणी घेत नाहीं. चुकलें तर मात्र गांवभर बोभाटा होतो. १९११ सालीं पंचम जॉर्जचा नवा रुपया निघाला. बादशहाची ती मूर्ति बर्ट्रम मॅकेनल या ऑस्ट्रेलियांत जन्मलेल्या प्रसिद्ध मूर्तिकाराची. बादशहाच्या झग्यावरील मानचिन्हांत एक हत्ती होता. त्याची सोंड आंखूड व पाय तोकडे उतरल्यानें तो हत्ती नसून डुक्कर आहे, अशी हांकाटी उठली. रुपये परत घ्यावे लागले, व १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती असलेला रुपया चालूं झाला. गव्हाएवढ्या आकृतींतील एका रेषेवर लोकांचा विश्वास कसा अवलंबून असतो, याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

स्वतंत्र भारतानें स्मारकनाणीं पाडण्यास आरंभ केला तो १९६४ सालीं, पंडित नेहरूंच्या निधनानंतर. १९६९ सालीं महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त दहा रुपयांचें रौप्यनाणें निघालें. त्याचें वजन १५ ग्रॅम, आणि त्यांत शेंकडा ८० भाग चांदी. १९९९ सालीं दोन रुपयांच्या नाण्यावर शिवाजी महाराज आले. रायगडच्या टांकसाळीनें जो चेहरा नाण्यावर घातला नव्हता, तो सव्वातीनशें वर्षांनीं स्वतंत्र देशाच्या नाण्यावर उमटला.

मधल्या काळांत तो चेहरा लोकांच्या डोळ्यांपुढें उभा ठेवण्याचें कार्य ज्यांनीं केलें, त्यांत विनायक पांडुरंग करमरकर यांचें स्थान मोठें आहे. उमरठ ज्या रायगड जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील समुद्रकांठचें सासवणें हें त्यांचें गांव. जन्म १८९१ चा. गांवच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनीं लहानपणीं अश्वारूढ शिवाजी चितारला. तो कलेक्टर ओटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडला, आणि त्यांच्याच साह्यानें हा खेड्यांतला मुलगा मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत पोहोंचला. पुढें त्यांनीं लंडनलाही शिक्षण घेतलें.

पुण्याच्या शिवस्मारकाची कोनशिला १९ नोव्हेंबर १९२१ रोजीं बसली. पुढाकार कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा. परंतु १९२२ सालीं ते निवर्तले. अखेर अश्वारूढ पुतळ्याचें काम करमरकरांकडे आलें. सुमारें साडेतेरा फूट उंचीचा व आठ टनांचा तो पुतळा माझगांवच्या गोदींत एकसंध ओतला गेला. एवढ्या मोठ्या ओतकामांत रस मध्येंच गोठला किंवा सांचा फुटला, तर महिन्यांचे श्रम मातीमोल व्हावयाचे. ओतकाम सुखरूप पार पडलें आणि १६ जून १९२८ रोजीं पुतळ्याचें अनावरण झालें. भिंतीवरचा कोळशाचा घोडा कांशाचा होऊन उभा राहिला.

सरकारनें करमरकरांस १९६२ सालीं पद्मश्री दिली. १९६७ सालीं ते वारले. सासवण्याचें त्यांचें घर आतां शिल्पसंग्रहालय झालें आहे, आणि तेथें त्यांच्या हातच्या शंभराहून अधिक कृति पाहावयास मिळतात.

वीर इतिहास घडवितो. मूर्तिकार त्या इतिहासास रूप देतो. रूप नसलेला इतिहास पंडितांच्या पोथींत राहतो, रूप मिळालेला इतिहास पोरांच्या खेळांत उतरतो. तेव्हां टांकसाळीनें एखादें रौप्यनाणें केवळ मूर्तिकाराच्या गौरवार्थ पाडावें ही अपेक्षा अवास्तव नव्हे. आजवर ज्याला मानेच्या कडेवर दोन बारीक अक्षरांपुरती जागा मिळाली, त्याला एकदां तरी नाण्याची पुरी बाजू मिळावी. उमरठच्या समाधीपाशीं हात जोडणाऱ्याच्या मनांत जो चेहरा उभा राहतो, त्याचें ऋण तेवढ्यानेंही पुरतें फिटणार नाहीं. पण तें मान्य केल्याची नोंद तरी होईल.