पेटीच्या बारा पट्ट्या आणि हरवलेला षड्ज

संवादिनी हा शब्द ग्रंथांत शोभतो. बेळगाव-निपाणीकडच्या घरांत आणि देवळांत तिला सारे जण पेटीच म्हणतात. आज या पेटीच्या पोटात दडलेल्या एका चमत्काराविषयी, आणि त्या चमत्काराची तिला जी किंमत मोजावी लागली तिच्याविषयी, चार शब्द बोलावयाचे आहेत.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी पेटी असेल त्यांनी भाता भरून पांढरी एक, पांढरी तीन आणि काळी चार या तीन पट्ट्या एकदम दाबून पाहाव्यात. पांढरी एक षड्ज मानली तर हे झाले षड्ज, शुद्ध गंधार आणि कोमल धैवत. अनेक स्वरांच्या अशा एकत्र उच्चाराला पाश्चात्त्य संगीतात कॉर्ड म्हणतात. आपण स्वरसंघात म्हणू. आता खालची पांढरी एक सोडून वरच्या सप्तकातली धरावी. स्वर तेच राहिले, पण आधार पांढरी तीनवर आला. तरीही कानाला रचनेत काहीच फरक जाणवत नाही, कारण प्रत्येक दोन स्वरांमध्ये चार-चार पट्ट्यांचेच अंतर आहे. बारा पट्ट्यांच्या वर्तुळाचे हे तीन सारखे भाग होत. यांतला षड्ज कोणता, हे सांगावयास कान असमर्थ ठरतो.

पांढरी एक, काळी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा घेतल्यास वर्तुळाचे चार सारखे भाग पडतात. पहिल्या जातीचे स्वरसंघात साऱ्या पेटीत चारच, दुसऱ्या जातीचे तर अवघे तीनच. पाचवा किंवा चौथा शोधावयास जावे, तर पहिलाच नाव बदलून पुढे येतो. युरोपीय रचनाकारांनी या संदिग्धतेचा मोठा उपयोग केला. चौघांपैकी कोणत्याही स्वराला प्रमुख ठरवून दूरच्या पट्टीत शिरावे, हा त्यांचा आवडता मार्ग. लिस्ट याने आपल्या फाउस्ट सिंफनीचा आरंभच पहिल्या जातीच्या स्वरसंघातांनी केला. नायकाच्या मनाची अस्वस्थता दाखविण्यास त्याला दुसरे काही नको होते.

आपल्या संगीताची रीत नेमकी उलटी. मालकंसाचे पाच स्वर घ्या. त्यांतल्या कोमल गंधाराला षड्ज मानले की दुर्गा होतो, मध्यमाला मानले की धानी, कोमल धैवताला मानले की भूप, आणि कोमल निषादाला मानले की मधमाद सारंग. पट्ट्या त्याच, पण दारे पाच. अंतरे विषम आहेत म्हणूनच ही मूर्च्छनांची श्रीमंती. सारखी असती तर पाचही दारे एकाच खोलीत उघडली असती.

आता इतिहासाकडे वळू. पॅरिसच्या देबँ याने १८४२ साली हार्मोनियमचा हक्क नोंदविला. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून हाताने वाजविता येईल असे तिचे रूप घडविले, आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला. महाराष्ट्रात तिला रंगभूमीने उचलून धरले. त्या रंगभूमीचे आद्य पुरुष अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली त्यांचे शाकुंतल पुण्यात रंगमंचावर आले आणि संगीत नाटक मंडळ्यांचे युग सुरू झाले. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी तर पेटीला साथीच्या पाटावरून उठवून स्वतंत्र वादनाच्या आसनावर बसविले. बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर आणि कागवाडला १९१७ साली जन्मलेले रामभाऊ विजापुरे यांनी हीच विद्या जोपासली. रामभाऊ २०१० साली निवर्तले. तोवर मराठी आणि कानडी अशा दोन्ही घरांतले कितीतरी विद्यार्थी त्यांच्याकडून शिकून गेले होते.

पण पेटीवर एक आरोप जुना आहे, आणि तो खोटा नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार आणि पट्टीचा गंधार एक नव्हेत. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले, तर पट्टीचा गंधार सुमारे १४ भागांनी चढा असतो आणि कोमल गंधार सुमारे १६ भागांनी उतरा. शुद्ध गंधाराच्या अंतराने तीन पावले चढलो, तर तार षड्ज ४१ भागांनी दूरच राहतो. शुद्ध कोमल गंधाराने चार पावले टाकली, तर तो ६३ भागांनी ओलांडला जातो. म्हणजे वर सांगितलेले वर्तुळ निसर्गात मिटतच नाही! ते मिटावे म्हणून प्रत्येक स्वराला थोडे थोडे सरकवून बारा अंतरे समान केली. ज्या तडजोडीने तो चमत्कार शक्य झाला, त्याच तडजोडीने पेटी बेसूर ठरली.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवर १९१० साली ग्रंथ लिहिला. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही सिद्ध झाली, आणि १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. प्रयत्न स्तुत्य होता. पण षड्ज बदलताच अशा पेटीचे गणित बदलते. प्रत्येक गायकाची पट्टी निराळी असल्याने साधी पेटीच घरोघर राहिली.

मग १९४० साली आकाशवाणीने पेटीला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढले. हा निर्बंध १९७१पर्यंत शिथिल झाला नाही. १९५० साली धारवाडचे केंद्र सुरू झाले तेव्हा बेळगावच्या श्रोत्याला अगदी जवळचे गवई ऐकू येऊ लागले, पण त्यांच्या मागे बैठकीत रोज बसणारी पेटी मात्र ऐकू येईना. मींड पेटीत निघत नाही हे खरे, गंधार चढा हेही खरे. तथापि, साथीदार तो स्वर हलका लावतो, गवयाच्या स्वराआड ठेवतो, नको तेथे टाळतो. हे कसब न जोखता वाद्यच वर्ज्य करणे अन्यायाचे होते, असे माझे मत आहे.

त्या काळात बेळगावची पेटी काही थांबली नाही. ती मैफलीत, भजनात आणि शिकवणीच्या खोलीत वाजतच होती. आणि तिच्या पट्ट्यांवर बोटे चालविणाऱ्या एखाद्या पोराचा हात चुकून पांढरी एक, पांढरी तीन आणि काळी चारवर एकदम पडला, की ते क्षणभर थबकून षड्ज शोधू लागे.