वैद्यकविषयक व्यंगचित्रे (महाराष्ट्र)

वैद्य, डॉक्टर, रोगी आणि औषधोपचार यांच्या निमित्ताने रोजच्या जगण्यातील विसंगती टिपणारी उपरोधिक रेखाटने. संस्कृत सुभाषितांनी वैद्याला यमाचा भाऊबंद ठरवून त्याची टर पूर्वीच उडवली असली, तरी ती रेषेत उतरून घरोघरी पोहोचण्यास छापखाना व नियतकालिके यावी लागली.

इंग्लंडमध्ये हा विषय होगार्थ व गिलरे या व्यंगचित्रकारांनी गाजवला. गिलरेचे देवीच्या लसीवरील रंगीत चित्र 12 जून 1802 रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गाईंच्या देवीपासून ही लस काढणारा डॉक्टर जेन्नर खुर्चीत बसलेल्या धास्तावलेल्या बाईच्या दंडाला चीर देत असून, भोवतालच्या टोचून घेतलेल्यांच्या हातांतून व तोंडांतून चिमुकल्या गाई बाहेर पडत आहेत, आणि मागच्या भिंतीवर सुवर्णवत्साच्या पूजेचे चित्र टांगलेले आहे. दोनच दिवसांनी, 14 जूनला, बसऱ्यामार्गे आलेली लस मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली व भारतातील लसीकरणास प्रारंभ झाला. टोचणाऱ्यांच्या गावीही ते चित्र नसणार, हे उघड आहे.

मुंबईत 1854 मध्ये निघालेल्या ‘पारसी पंच’ या साप्ताहिकाचे पुढे ‘हिंदी पंच’ झाले व त्यातील ‘पंचोबा’ हे पात्र शहराच्या कारभारावर टिप्पणी करू लागले. मराठीत शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’मधून, म्हणजे पुढच्या ‘किर्लोस्कर’ मासिकातून, रूढी व अंधश्रद्धा यांवर ‘टाकाच्या फेकी’ केल्या. त्यांचा रोख सुधारकाचा असल्याने हसण्याबरोबर कानउघाडणीही होई.

स्वातंत्र्योत्तर काळात ‘हंस’, ‘मोहिनी’ व ‘आवाज’ या नियतकालिकांच्या अंकांत हास्यचित्र, म्हणजे टीकेपेक्षा निखळ गंमत साधणारे चित्र, स्थिरावले. ‘आवाज’ची खिडकीचित्रे विशेष लोकप्रिय ठरली: कागदात कापलेल्या झडपेतून दिसणारा भाग चावट शंका जागवतो आणि झडप उघडताच आतला प्रसंग अगदी साळसूद निघतो; तपासणीची खोली, परिचारिका व रोगी हे त्या युक्तीला आयते साहित्य होते. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांनी मात्र शब्दांवाचून, मध्यमवर्गीय घरातल्या साध्या वस्तूंतूनच विनोद उभा केला व बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांनाही त्याच रेषेने सजवले.

वैद्यकावरील टीका म्हणून मराठी चित्रे सौम्यच आहेत. फी, दिरंगाई व अगम्य अक्षर यांपलीकडे ती क्वचित जातात, आणि पुष्कळदा त्यांत डॉक्टरापेक्षा रोग्याचीच फजिती अधिक होते.