पटवाऱ्याच्या दप्तरापासून पंधरा आकड्यांपर्यंत

बीदर जिल्ह्याच्या उत्तर टोकास औराद तालुका आहे आणि त्या तालुक्यात चिंताकी ही होबळी आहे. एका अंगास महाराष्ट्र, दुसऱ्या अंगास तेलंगण आणि राजधानी बंगळूर सुमारे 700 किलोमीटर दूर. अशा ठिकाणी सरकार म्हणजे हाती पडणारा कागद. तो वेळेवर मिळाला तर सरकार आहे, नाही तर नाही.

जमीन मोजून तिची नोंद करण्याची कल्पना या मुलखास नवी नाही. 1472 साली बीदरचा मदरसा उभारणारा बहामनी वजीर महमूद गवान याने जमिनीची मोजणी करवून गावांच्या शिवा ठरविल्या होत्या. आणि दैवयोग असा की, त्याचा घात कागदानेच केला. त्याचा शिक्का बाळगणाऱ्यास वश करून विरोधकांनी कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून घेतली, वर फितुरीचा मजकूर लिहिला आणि 1481 साली त्याचा शिरच्छेद झाला, असे फिरिश्ता सांगतो. पुढे निजामाच्या राज्यात सालारजंगाने 1865 साली जिलाबंदी केली. 1884 साली सरकारी भाषा फारसीची उर्दू झाली. येथल्या मराठी कुणब्याला दोन्ही सारख्याच परक्या! आपल्या शेताविषयी पटवारी सांगेल तेच त्याने खरे मानावयाचे.

1956 साली बीदर म्हैसूर राज्यात आले आणि दप्तराची भाषा कानडी झाली. वंशपरंपरागत ग्रामाधिकार 1961 च्या कायद्याने गेले, तरी हाताने लिहिलेली पहाणी आणि ती लिहिणाऱ्याची मर्जी कायम राहिली. तिला खरा धक्का दिला तो या शतकाच्या आरंभी, ‘भूमी’ योजनेने. सुमारे 67 लक्ष खातेदारांच्या 2 कोटी नोंदी संगणकात चढविल्या गेल्या. 15 रुपये भरून तालुक्याच्या खिडकीवर कोणासही पहाणी मिळू लागली आणि हस्तलिखित प्रत रद्द ठरली. यातली मोठी गोष्ट मात्र निराळीच. नोंदीत फेरफार करणाऱ्या अधिकाऱ्यास यंत्रावर बोटाचा ठसा द्यावा लागे आणि अर्ज आले त्याच क्रमाने निकालात काढावे लागत. गवानाच्या शिक्क्यासारखे दुसऱ्याच्या हाताने काम उरकणे आता अवघड झाले.

त्यानंतर आली ‘सकाल’. 2011 च्या कायद्याने 11 खात्यांच्या 151 सेवांना मुदत घालून दिली. प्रयोगासाठी जे चार तालुके निवडले त्यांत आमचा औराद होता, ही गोष्ट 1 मार्च 2012 ची. 2 एप्रिलला योजना सर्व राज्यात गेली. अर्ज देताच पंधरा आकडी क्रमांक मिळावयाचा, त्यावरून अर्ज कोठे अडला ते कळावयाचे आणि मुदत टळल्यास दिवसास 20 रुपये, अधिकांत अधिक 500, भरपाई मिळावयाची. ती त्या अधिकाऱ्याच्या पगारातून! रक्कम किरकोळ आहे, हे खरे. परंतु विलंबाचा भार कचेरीवर पडला, असे या तालुक्याने पूर्वी पाहिले नव्हते.

एक वाट मोकळी राहिलीच. अर्ज यंत्रात चढविलाच नाही, ‘उद्या या’ म्हणून कागद नुसते ठेवून घेतले, तर मुदत सुरूच होत नाही. म्हणून आमच्याकडील जाणते लोक दाखल्याआधी क्रमांक मागतात.

दुसरी अडचण भाषेची. यंत्रातून निघणारा कागद कानडी आणि वाचणारा मराठी. शाळेत दाखलखारीज नोंदवहीतील जन्मतारीख मागावयास येणारे बाप पुष्कळदा खिशातून घडी घातलेली पहाणीही काढतात. मी मुलालाच पुढे बोलावतो. आमच्या मुलांना कानडी हा विषय आहे. आठवीतला पोरगा बोट ठेवून अक्षरे लावतो, बाप श्वास रोखून ऐकतो. आजोबांचे नाव येते, बापाचे येते. मग बाप हळूच म्हणतो, ‘आता गुंठे किती लिहिलेत ते बघ.’