भायखळ्यात तयार झालेली लस

मुंबईत मांडवीतल्या गोदामांच्या आसपास माणसे पटापट मरू लागली होती. आधी सणकून ताप, मग काखेत नाहीतर जांघेत गाठ. गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये हा प्लेग असल्याचे ओळखले, आणि मुंबई सोडून जाणाऱ्यांची रीघ लागली.

ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसाचा जन्म, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतला अनुभव आणि बंगालमध्ये पटकीच्या लशीचे काम, एवढी त्यांची शिदोरी. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना थोडी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. मांसरसाच्या चंबूत वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू झुबक्यांनी खाली वाढत. चंबू हलवून झुबके पाडायचे, पुन्हा वाढू द्यायचे, शेवटी उष्णता देऊन जंतू मारायचे. पुढे कुणाच्या धर्माला बाध येऊ नये म्हणून रसासाठी बकऱ्याचे मांस वापरले गेले. दूरवरून आलेल्या माणसाने दाखवलेली ही जाण त्या काळच्या सरकारी कारभारात दुर्मीळच होती.

मुंबईला टोचून घेणे नवे नव्हते. देशातली देवीची पहिली यशस्वी लस १४ जून १८०२ रोजी याच शहरात अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली होती. पण प्लेगच्याच जंतूंपासून केलेले औषध धडधाकट माणसाने का घ्यावे? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ते आधी स्वतःला टोचून घेतले. ताप आला, उतरला.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. कैद्याची खुशी कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज टाळता येत नाही. निकाल मात्र ठसठशीत होता: लस न घेतलेल्या १७२ जणांत १२ आजारी पडले, त्यांतले ६ दगावले, लस घेतलेल्या १४७ जणांत २ आजारी, मृत्यू एकही नाही.

पुण्यात त्याच वर्षी गोरे शिपाई प्लेगचे रोगी शोधायला घरांत घुसून झडत्या घेत होते. त्या जुलमाचा संताप इतका साचला, की २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. रोग एकच, पण मुंबईत खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा त्यांचे कितीतरी अनुयायी आपणहून पुढे आले. प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही त्यांनी दिला. १८९९ मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात गेली.

मग घाव बसला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, असे पुढे निष्पन्न झाले. दरम्यान ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू लढवली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये.