बोका तुंबतो तेव्हा

बोक्याला घेऊन येणारी माणसं बहुतेक वेळा एकच सांगतात, "डॉक्टर, ह्याला शी होत नाहीये. सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय." काहींनी तोवर घरगुती एरंडेलही पाजून पाहिलेलं असतं. पोटाला हात लावावा तर मूत्राशय मोसंबीएवढं, टणक. शी नव्हे, सू अडकलेली असते. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद. तिथे चिकट स्राव आणि बारीक स्फटिकांचा बोळा बसला की मूत्रपिंडं ठप्प होतात, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबतं. म्हणून थेंबही पडत नसेल तर सकाळची वाट बघू नये, असेल तशी टॅक्सी करून यावं. मांजरीचा मार्ग रुंद, ती सहसा तुंबत नाही. पण बेसिनमध्ये, उशीवर, न्हाणीघरात गुलाबी थेंब टाकत हिंडते.

नळी घालून बोका मोकळा करणं हे हाताचं कसब आहे, सरावाने येतं. हे दुखणं मुळात होतं कशाने, हे समजायला मात्र आमच्या पेशाला जवळजवळ अख्खं विसावं शतक लागलं. त्या शोधात प्रत्येकाच्या हाती थोडं खरं लागलं आणि प्रत्येक जण तेवढ्यावरच थांबला.

आमच्या पेशात मांजर आलंच उशिरा. परळचं आमचं कॉलेज १८८६चं, आणि शेजारच्या बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटलला जुने मुंबईकर आजही बैलघोडाच म्हणतात. विलायतेत हॅमिल्टन कर्क यांनी १९२५ साली मांजरांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात लघवी तुंबण्याचं प्रकरण आहे. म्हणजे आजार नवा नाही. पण तेव्हाचं मांजर दिवसभर बाहेर असे. वाईला आजीच्या वाड्यातली मांजरं परसात, चुलीच्या राखेच्या ढिगाशी उकरून यायची. त्यांची लघवी कुणी पाहिली आहे? बोका चार दिवस दिसला नाही तर "गेला असेल कुठेतरी" म्हणायचे.

मांजर बारा महिने घरात राहू लागलं ते मुलतानी मातीमुळे. जानेवारी १९४७, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं कॅसोपोलिस गाव. एका शेजारणीची मांजराच्या पेटीतली वाळू थंडीने गोठली होती, म्हणून ती एड लो या तरुणाकडे वाळू मागायला आली. त्याने दिली कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायला वापरतात ती दाणेदार, भाजकी माती. बाईंना ती इतकी पसंत पडली की लोने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, वर किटी लिटर असं लिहिलं आणि एकेक पिशवी ६५ सेंटला विकायला काढली. वाळू जवळपास फुकट मिळत असताना माती विकत कोण घेणार, असं दुकानदाराला वाटलं, तर लो म्हणाला, सुरुवातीला फुकट वाटा. पुढे तो त्यावर गब्बर झाला. पाठोपाठ सुकं खाणं घरोघर पोचलं आणि मांजराला दाराबाहेर पडायचं कारणच उरलं नाही. आता लघवीतलं रक्त गालिच्यावर दिसू लागलं, आणि माणसं डॉक्टरकडे धावू लागली.

पहिला संशय खाण्यावर. सुक्या खाण्यातले क्षार, म्हणजे जाळल्यावर उरणारी राख, हेच मूळ म्हणून कमी राखेच्या पिशव्या निघाल्या. मग कॉर्नेल विद्यापीठात कॅथरीन फॅब्रिकंट यांना तुंबलेल्या बोक्यांत विषाणू सापडले, तेव्हा सगळे विषाणूमागे लागले. १९७१ साली विल्सन आणि हॅरिसन यांनी मूत्रमार्गाचं अरुंद टोकच काढून टाकायची शस्त्रक्रिया लिहून ठेवली. ती मी केली आहे; पुन्हापुन्हा तुंबणाऱ्या बोक्याला ती वाचवते, पण आतली आग तशीच राहते. १९७३ साली कॅस्टन नावाच्या लेखकाने मांजरांच्याच एका वैद्यकीय नियतकालिकात या आजाराचा संबंध सरळ ताणाशी जोडला होता. तो धागा कुणी पुढे ओढला नाही. ताण सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, स्फटिक दिसतात.

आणि ऐंशीच्या दशकात सगळे स्फटिकांकडेच बघत होते. मॅग्नेशियमचे खडे आम्लधर्मी लघवीत विरघळतात हे पक्कं झालं. त्या कामात ओहायो स्टेट विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन होते, हे लक्षात ठेवावं. कंपन्यांनी खाणं आम्लधर्मी केलं, ते खडे खरोखरच कमी झाले. पण मिनेसोटा विद्यापीठात कार्ल ऑसबॉर्न यांनी १९८१पासून देशभरचे खडे तपासायला सुरुवात केली होती. त्यांच्याकडे आता वेगळेच खडे येऊ लागले: कॅल्शियम ऑक्झलेटचे, जे कशानेच विरघळत नाहीत, पोट उघडूनच काढावे लागतात. एवढं करूनही मूळ आजार हटेना. १९९१च्या त्यांच्या गटाच्या अभ्यासात लघवीला त्रास होणाऱ्या निम्म्याहून अधिक मांजरांत ना खडा सापडला, ना जंतू, ना बोळा. मांजर कळवळतंय, रक्त पडतंय, आणि कारण शून्य.

ह्या आजाराची खरी गंमत अशी की तो बहुतेक मांजरांत आठवडाभरात आपला आपण शमतो. सोमवारी अँटिबायोटिक सुरू करा, पुढच्या सोमवारी मांजर बरं. तरुण मांजराच्या लघवीत जंतू क्वचितच असतात, तरी गोळीचा जयजयकार. कमी राखेचं खाणंही असंच यशस्वी ठरलं होतं.

बफिंग्टन यांनी इथे वाट बदलली. १९१५ साली बॉल्टिमोरच्या गाय हनर यांनी काही स्त्रियांच्या मूत्राशयातले विशिष्ट व्रण वर्णिले होते. अशा कितीतरी बायकांच्या लघवीत काहीच सापडत नसे, दुखणं मात्र जीवघेणं, आणि "मनाचे खेळ आहेत" हे वर ऐकून घ्यायचं. मांजराचं दुखणं ह्याच जातीचं दिसत होतं. अभ्यासासाठी बफिंग्टन यांनी अशी मांजरं दान म्हणून घेतली. मालक वैतागून त्यांना कायमचं झोपवायलाच निघाले होते. विद्यापीठात ती पिंजऱ्यांत राहत, पण खाणं ठरल्या वेळी, ठरल्या माणसाच्या हातचं, ट्रे रोज साफ आणि जागच्या जागी, लपायला आडोसा, रोज बाहेर येऊन खेळायला वेळ. औषध काहीच नाही. आणि मांजरं बरी झाली! लघवीच नव्हे, उलट्या थांबल्या, अंगावरचे केस तकतकीत झाले.

पुढे जोडी वेस्ट्रॉप यांनी दाखवलं की अशा मांजरांच्या अधिवृक्क ग्रंथीच लहान असतात; मेंदूचा भोंगा वाजतो, पण तो आवरणारं कॉर्टिसॉल कमी पडतं. २०११ साली जूडी स्टेला यांनी ७७ आठवड्यांच्या नोंदी छापल्या. वीस आजारी आणि बारा धडधाकट मांजरं. सांभाळणारा माणूस बदलला, वेळापत्रक चुकलं की आजारपणाची लक्षणं सुमारे तिप्पट. आणि ही वाढ धडधाकट मांजरांतही तितकीच. हे वाचल्यावर मी केसपेपरच बदलला.

आता मी आधी विचारते, घरात काय बदललं? गणपतीच्या आधी रंगकाम, बाळंतपणाला आलेली मुलगी, समोरच्या गच्चीवर ठाण मांडलेला गावठी बोका, बाल्कनीला लावलेली नवी जाळी. डोंबिवलीच्या एका आजीबाई म्हणाल्या, "काहीच नाही हो," आणि दाराशी थांबून म्हणाल्या, "ट्रे तेवढा वॉशिंग मशीनमागे सरकवलाय." मशीन पिळायला लागलं की घर हादरत होतं. मी तीनचार दिवसांची वेदनाशामकं दिली, खाण्यात पाणी कालवायला सांगितलं आणि ट्रे पूर्वीच्या जागी. मांजरं दोन असतील तर ट्रे तीन, तेही एका ओळीत नकोत.

"इंजेक्शन नाही?" हा प्रश्न येतोच. फी घेऊन वॉशिंग मशीनबद्दल बोलणारा डॉक्टर कुणाला आवडेल? शंका घ्यायला जागा आहे, हेही मी सांगते. घर बदलण्याच्या उपायाचा आधार म्हणून २००६चा अभ्यास दाखवतात. ४६ मांजरं, दहा महिने, त्रास बराच घटला. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. आपोआप शमणाऱ्या आजारात ही उणीव लहान नाही, राखवाल्यांचा दावा ह्याच दगडावर आपटला होता. तरी स्टेलांच्या नोंदी आणि ओहायोतली ती टाकून दिलेली मांजरं बघता पारडं घराकडेच झुकतं, असं माझं मत आहे. शिवाय ट्रे हलवल्याने कुणाला ऑक्झलेटचा खडा झालेला अजून तरी ऐकलं नाही.