नाताळच्या ताटातील पुरावा
गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळपूर्वी बोलिन्हा भाजतात. रवा, खोबरे, साखर आणि अंड्याच्या बलकाची ही बिस्किटे. वर जेवणाच्या काट्याने चौकडीची नक्षी उमटवतात. नाव पोर्तुगीज, खोबरे इथले. ताटात त्यांच्या शेजारी असते नेवरी, म्हणजे आपली करंजी. हे शेजारपण मला इतिहासदृष्ट्या महत्त्वाचे वाटते. १५६० साली आलेल्या इन्क्विझिशनचा पहारा पुढे चुलीपर्यंत पोहोचला. १७३६च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांना हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवण्यासही बंदी केली. तरी नेवरी टिकली. आजही नाताळचे हे ताट हिंदू मित्रांकडे जाते आणि चतुर्थीला त्यांच्याकडून नेवऱ्या येतात. बंदीची नोंद दप्तरांत आहे. तिच्या अपयशाचा पुरावा मी या देवघेवीत पाहतो.